'अँजी'चा पियानो कुणी वाजवलाय?

हातपेटी

मागच्या शनिवारी मित्राकडे बसलो होतो. त्याने नवीन स्पीकर घेतलेत, ते दाखवायला त्याला कुणीतरी हवं होतं. रोलिंग स्टोन्स या इंग्लिश रॉक बँडचं 'अँजी' लागलं, गायक मिक जॅगर. त्याचा अकरावीतला मुलगा पाणी प्यायला आला, दारातच थांबला आणि म्हणाला, "बाबा, हा पियानो कोण वाजवतोय? मिक जॅगर?"

बाबा गप्प. तीस वर्षं हे गाणं ऐकणारा माणूस, गिटार कुणाची ते सांगेल, ड्रम्स कुणाचे ते सांगेल, अल्बमच्या कव्हरवर काय आहे तेही सांगेल. पियानोवाल्याचं नाव मात्र नाही. मला माहीत होतं, तेही योगायोगानेच. म्हणून हा धागा.

त्याचं नाव निकी हॉपकिन्स. जन्म २४ फेब्रुवारी १९४४, लंडनच्या पश्चिमेकडचं पेरिव्हेल. तिसऱ्या वर्षापासून पियानोवर हात, पुढे लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकची शिष्यवृत्ती. रीतसर शास्त्रीय तालमीतला मुलगा. १९६० साली, सोळाव्या वर्षी, शाळा सोडून तो गेला कुठे, तर स्क्रीमिंग लॉर्ड सच नावाच्या अवलियाच्या बँडमध्ये. हे महाशय स्टेजवर शवपेटीतून बाहेर यायचे. घरच्यांना काय वाटलं असेल याची कल्पना आपल्याकडच्या कुणाही आईबापांना सहज करता येईल.

तिथून तो सिरिल डेव्हिसच्या ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत) बँडमध्ये गेला. १९६३ चं 'कंट्री लाइन स्पेशल' शोधून ऐका. माउथऑर्गन पुढे धावतोय आणि मागे एकोणीस वर्षांच्या पोराचा पियानो त्याला दम खाऊ देत नाही.

आणि त्याच वर्षी मे महिन्यात तो कोसळला. क्रोन्स डिसीज, आतड्याचा आजार. एकामागून एक शस्त्रक्रिया, जवळजवळ एकोणीस महिने अंथरुणावर. तो दवाखान्यात असतानाच, जानेवारी १९६४ मध्ये, सिरिल डेव्हिस वारला. म्हणजे परतायला बँडही उरला नाही. आणि ते एकोणीस महिने कोणते, तर बीटल्सनी जग डोक्यावर घेतलं तेच. हा खिडकीतून बघत पडलेला.

बाहेर आला तेव्हा रोज नवं गाव, व्हॅनमधली झोप, अवेळी जेवण हे शरीराला झेपणारं नव्हतं. मग उरला स्टुडिओ. तीन तासांचं एक सेशन, ठरलेली बिदागी, संध्याकाळी घरी. आजाराने त्याला लंडनमध्ये बांधून ठेवलं, आणि नेमका त्याच वेळी लंडनचा प्रत्येक बँड वाचता येणारा, पटकन शिकणारा आणि तरी ब्लूज अंगात असलेला पियानोवाला शोधत होता. शास्त्रीय तालमीतले नोटेशन वाचायचे, पण ब्लूज लागला की कागदासारखे कोरडे वाजवायचे. ब्लूजवाल्यांना कागद वाचता येत नसे. याला दोन्ही येत होतं.

पुढचं म्हणजे यादीच आहे, पण यादी देऊन कंटाळा आणत नाही. १९६५ चा 'द हू' या बँडचा पहिला अल्बम, किंक्सचे मधल्या काळातले अल्बम, मे १९६६ मध्ये गिटारवाल्या जेफ बेकबरोबर 'बेक्स बोलेरो' (त्या दिवशी खोलीत जिमी पेज, जॉन पॉल जोन्स आणि कीथ मून होते, पियानोवर हा), १९६७ पासून स्टोन्स, १९६८ मध्ये बीटल्सचं 'रेव्होल्यूशन', १९७१ मध्ये जॉन लेननचा 'इमॅजिन' अल्बम, १९७३ मध्ये बीटल्सपैकीच जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार यांचे अल्बम, १९७४ मध्ये जो कॉकरचं 'यू आर सो ब्यूटिफुल'. त्या शेवटच्या गाण्यात कॉकरचा घोगरा, फाटायला आलेला आवाज आणि हॉपकिन्सचा पियानो, एवढ्यावर जवळजवळ सगळं उभं आहे.

यातला प्रत्येक बँड स्वभावाने वेगळा. आणि प्रत्येक ठिकाणी हा माणूस त्या घरचाच वाटतो. मला स्वतःला या गोष्टीचं सगळ्यात अप्रूप वाटतं. मी लहानपणी पेटी शिकलो, आमचे गुरुजी म्हणायचे, "साथ करणाऱ्याने घर बघून चप्पल काढावी." तेव्हा कळलं नव्हतं. हॉपकिन्स ऐकताना कळतं.

किंक्सच्या रे डेव्हिसने १९६६ च्या 'फेस टू फेस' अल्बमवर 'सेशन मॅन' नावाचं गाणं केलं. ज्याला पैसे विचार करण्यासाठी नाही, वाजवण्यासाठी मिळतात अशा माणसाचं काहीसं खोचक चित्र आहे त्यात. गंमत म्हणजे त्या गाण्याच्या सुरुवातीचा हार्पसिकॉर्ड (पियानोचा जुना पूर्वज) हॉपकिन्सनेच वाजवलाय. स्वतःवरची टोपी स्वतःच शिवून दिली म्हणा.

१९६९ च्या सुमारास तो कॅलिफोर्नियाला गेला. जेफ बेकचा बँड वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवाआधी फुटला आणि त्यांचं वाजवणं रद्द झालं. हॉपकिन्स त्याआधीच बाहेर पडला होता. आणि वुडस्टॉकला तो पोचलाच, रविवारी सकाळी, जेफरसन एअरप्लेन या बँडबरोबर.

मग स्टोन्सबरोबर १९७१ ते १९७३ दौरे केले, प्रकृतीला न जुमानता. दारू आणि अमली पदार्थ आले. त्यातून सावरला, तब्येत मात्र कधीच धड झाली नाही. ६ सप्टेंबर १९९४ रोजी नॅशव्हिलला वारला. वय पन्नास. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्याला घेतलं २०२५ मध्ये, म्हणजे जाऊन एकतीस वर्षं झाल्यावर.

मला मंडळींकडून दोन गोष्टी हव्यात. एक, पियानो जाणणाऱ्यांनी सांगावं की हा नक्की काय करतो. मला ऐकू येतं, पण सांगता येत नाही. दोन, अशी कुठली गाणी तुम्ही वर्षानुवर्षं ऐकली आणि साथीदाराचं नाव उशिरा कळलं?

---

रविवारचा_आळस

जागा धरायला रुमाल टाकून ठेवतो. रात्री हेडफोन लावून वाचतो.

---

लालबागचा_लेनन

मस्त धागा! 'लेट इट बी'चा पियानो पण याचाच ना? आणि 'हे जूड'?

---

हातपेटी

नाही हो. 'लेट इट बी' आणि 'हे जूड' दोन्हीवर पियानो पॉल मॅकार्टनीचा. 'लेट इट बी'वर ऑर्गन आणि 'गेट बॅक'वरचा इलेक्ट्रिक पियानो बिली प्रेस्टनचा. हॉपकिन्स बीटल्सच्या रेकॉर्डवर आहे तो 'रेव्होल्यूशन'मध्ये, जुलै १९६८, आणि तोही सिंगलवर. 'हे जूड'च्या रेकॉर्डची मागची बाजू. अल्बमवरचं संथ 'रेव्होल्यूशन १' वेगळं, गोंधळ होऊ देऊ नका. गिटारींचा तो करवतीसारखा आवाज चालू असताना मधल्या भागात इलेक्ट्रिक पियानो घुसतो बघा, तो याचा.

---

लालबागचा_लेनन

च्यायला. कॉलेजात या विषयावर पैज जिंकलो होतो मी. वडापाव परत करावे लागणार.

---

काळी_पाच

पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करते. मी पियानो शिकवते, स्टेजवर फार नाही, पण लग्नाच्या हॉलपासून पबपर्यंत सगळीकडे वाजवून झालंय.

रॉक बँडमधल्या पियानोवाल्याची खरी अडचण जागेची. खाली बास गिटार बसलेली. मधल्या सप्तकात एक किंवा दोन गिटारी, आणि तिथेच गायकाचा गळा. पियानो शिकलेला माणूस सवयीने दोन्ही हातांनी भरगच्च वाजवतो, कारण एकट्याने अख्खं गाणं उभं करायची त्याला सवय असते. तेच बँडमध्ये केलं की चिखल. सगळे वाजतायत आणि काहीच ऐकू येत नाही.

हॉपकिन्स डावा हात जवळजवळ खिशात ठेवतो. म्हणजे वाजवतो, पण टेकू दिल्याइतकाच. उजवा हात वर, गिटारी संपतात त्याच्या पुढच्या सप्तकात. म्हणून तो हळू वाजवत असला तरी ऐकू येतो. स्टोन्सच्या 'शी इज अ रेनबो'ची सुरुवात घ्या. लहान मुलांच्या चावीच्या खेळण्यासारखं वर किणकिणतं. 'मंकी मॅन'च्या सुरुवातीला तर पत्र्यावर पहिल्या पावसाचे थेंब पडावेत तसं.

दुसरं, वेळ. 'अँजी'त गिटार ए मायनरवरून खाली उतरत जाते, जॅगर ओळ म्हणतो. ओळ चालू असताना पियानो बाजूला. ओळ संपली, श्वास घेतला, की तेवढ्या जागेत दोन-तीन सुरांची उतरण, आणि परत बाजूला. पेटीवाल्यांनी हे ओळखलं असेलच. गाणाऱ्याच्या पाठोपाठ जायचं, त्याच्या अंगावर जायचं नाही.

तिसरं माझं आवडतं. पियानोवर मींड निघत नाही, पट्टी दाबली की सूर ठोक तेवढाच. मग ब्लूजवाले काय करतात, तर काळ्या पट्टीवरून बोट घसरवून शेजारच्या पांढरीवर आणतात. मुख्य सुराला अर्ध्या सुराचा चटका. आपल्या भाषेत कणस्वर. कानाला फसवून मींडेचा भास होतो. हॉपकिन्स हे सारखं करतो, पण शास्त्रीय तालमीमुळे त्याचे कण इतके स्वच्छ लागतात की ब्लूजचा मळकटपणा जातो आणि एक प्रकारचा नाजूकपणा येतो. काही लोकांना तेच आवडत नाही, जास्त गोड वाटतं. मला लेननचं 'जेलस गाय' ऐकताना हा आक्षेप कधी आठवत नाही.

---

रविवारचा_आळस

रुमालाच्या जागी आता प्रतिसाद. काळी_पाच, हे वाचून परत 'अँजी' लावलं. इतकी वर्षं मी ते गिटारीचं गाणं समजत होतो. वाखुसा (वाचनखूण साठवली).

---

खडूस

लेख बरा आहे. पण दर वेळेला हे 'पडद्यामागचे उपेक्षित कलाकार' काढून गळा का काढायचा? माणसाने ठरलेले पैसे घेतले, काम केलं, घरी गेला. गवंड्याने भिंत बांधली म्हणून तो पुढे पन्नास वर्षं भाड्यात वाटा मागतो का? गाणं स्टोन्सच्या जॅगर-रिचर्ड्सचं आहे. पियानोवाला नसता तर दुसरा आला असता.

---

हातपेटी

गळा काढलेला नाही, नाव सांगितलंय फक्त.

पण गवंड्याचं उदाहरण पुरेसं नाही. गवंड्याला नकाशा मिळतो. सिनेमाच्या किंवा जाहिरातीच्या सेशनला वादकालाही कागद मिळतो, सूर लिहिलेले असतात, तेवढेच वाजवायचे. रॉकमध्ये तसं नसे. गायक कॉर्ड्स सांगायचा, कधी तेही धड नाही, आणि "यावर काहीतरी कर" म्हणायचा. 'शी इज अ रेनबो' लोकांना आठवतं ते त्या पियानोच्या सुरावटीने. स्टोन्सच्याच 'वी लव्ह यू'चं संगीत सुरूच होतं पियानोने. हा नकाशा काढण्याचाच भाग झाला ना?

"दुसरा आला असता" म्हणता. स्टोन्सकडे दुसरा होताच! इयन स्ट्यूअर्ट, बँडचा मूळ पियानोवादक. १९६३ मध्ये मॅनेजरने त्याला फोटोतून काढलं, तरी तो सामान वाहत, अधूनमधून वाजवत शेवटपर्यंत त्यांच्याबरोबर राहिला. बूगी-वूगीत (पियानोवरचा धावता ब्लूज) त्याचा हात धरणारा नव्हता. पण मायनर, म्हणजे उदास वाटणारी, कॉर्ड आली की त्याचं डोकं फिरायचं. त्यामुळे धावत्या गाण्यांना स्ट्यूअर्ट आणि हळव्या गाण्यांना हॉपकिन्स अशी वाटणी पडत गेली. 'अँजी' स्ट्यूअर्टने वाजवलं असतं तर ते 'अँजी' राहिलं नसतं.

---

खडूस

वेगळं झालं असतं. वाईट झालं असतं हे कशावरून?

---

पुढची_तारीख

कायद्याचं क्षेत्र माझं, म्हणून मध्ये तोंड घालतो. 'रचना कुणाची आणि वादन कुणाचं' हा वाद नुसता भावनेचा नाही, इंग्लंडच्या कोर्टात गेलेला आहे.

प्रोकोल हारमचं 'अ व्हाइटर शेड ऑफ पेल', १९६७. त्यातला ऑर्गन मॅथ्यू फिशरचा. त्याने जवळजवळ चाळीस वर्षांनी दावा लावला की ऑर्गनची सुरावट मी रचली, मी सहरचनाकार आहे. खालच्या कोर्टात जिंकला, अपिलात पैशाच्या मुद्द्यावर हरला, आणि २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याच्या बाजूने निकाल दिला. इतका उशीर केला म्हणून हक्क बुडत नाही, असं म्हणाले. फिशर बँडचा सदस्य होता, सेशनवाला नव्हता, हे खरं.

सेशनवालीचं उदाहरण हवं तर क्लेअर टोरी. पिंक फ्लॉइडच्या 'द ग्रेट गिग इन द स्काय'मध्ये शब्दांशिवाय जी बाई आर्ततेने गाते ती. १९७३ च्या त्या अल्बमसाठी तिला तीस पौंड मिळाले. तिने २००४ मध्ये दावा लावला, पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि आता रचनेत तिचं नाव छापलं जातं.

हॉपकिन्सच्या बाबतीत निदान एक जागा आहे. 'द हू'च्या पहिल्या अल्बमवर 'द ऑक्स' नावाची वाद्यरचना आहे, तिच्या श्रेयात टाउनशेंड, एन्टविसल आणि मूनबरोबर हॉपकिन्सचं नाव आहे. म्हणजे द्यायचं मनात असलं तर देता येत होतं.

आणि कायदा. रेकॉर्ड रेडिओवर वाजली तर त्यावर वाजवणाऱ्यालाही वाटा मिळाला पाहिजे, हा वादकांचा हक्क ब्रिटनमध्ये डिसेंबर १९९६ पासून आला. हॉपकिन्स १९९४ मध्ये गेलेला. पुढे २०१३ मध्ये ध्वनिमुद्रणाच्या हक्काची मुदत ५० वरून ७० वर्षं केली, तेव्हा वाढीव वर्षांच्या विक्रीतले वीस टक्के एकरकमी पैसे घेतलेल्या सेशन वादकांसाठी बाजूला काढायचे अशी तरतूद झाली. भारतात सादरकर्त्यांच्या रॉयल्टीचा मुद्दा २०१२ च्या दुरुस्तीने आला.

---

खडूस

ही माहिती उपयोगाची. तीस पौंडांचं माहीत नव्हतं. गवंड्याचं उदाहरण अर्धं मागे घेतो. अर्धंच.

---

डॉ_गोळीवाला

आजाराबद्दल थोडं, कारण तो लेखात एका ओळीत उरकलाय आणि खरं तर सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

क्रोन्समध्ये तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही सूज येऊ शकते, पण लहान आतड्याच्या शेवटच्या भागात जास्त. पोटात कळा, जुलाब, वजन झपाट्याने उतरणं. आतडं आवळत जातं, कधी छिद्र पडून शेजारच्या अवयवाला रस्ता तयार होतो. आजार येतो, जातो, परत येतो. १९६३ मध्ये हातात स्टिरॉइड आणि सुरी, यापलीकडे फारसं काही नव्हतं. आज जी जैविक औषधं आम्ही वापरतो त्यातलं पहिलं अमेरिकेत १९९८ ला मंजूर झालं. त्याच्या जुन्या फोटोंत तो काठीसारखा दिसतो, ती त्या काळची फॅशन म्हणून नाही.

अशा माणसाने स्टोन्सचा १९७२ चा अमेरिका दौरा केला, हे वाचूनच मला डॉक्टर म्हणून घाम फुटतो.

---

टेम्सकाठी

मी लंडनच्या बार्न्स भागाजवळ राहते. ज्या ऑलिंपिक स्टुडिओत स्टोन्सचं हे बरंचसं काम झालं, ती इमारत आमच्या नेहमीच्या रस्त्यावर आहे. आता तिथे सिनेमा थिएटर आणि कॅफे आहे. मुलांना कार्टून दाखवायला नेते आणि मनात म्हणते, अगं इथेच 'सिम्पथी फॉर द डेव्हिल' झालं! मुलांना पॉपकॉर्नशी मतलब.

त्या गाण्याचं रेकॉर्डिंग होत असताना फ्रेंच दिग्दर्शक जाँ-ल्यूक गोदारने कॅमेरा लावला होता, जून १९६८. त्यात हॉपकिन्स दिसतो, आधी ऑर्गनवर, मग पियानोवर. सुरुवातीला गाणं संथ आणि रटाळ चाललंय, जमतच नाहीये. तासन् तास तेच. मग ते सांबाच्या अंगाने जातं आणि जिवंत होतं. गाणं असं कुंभाराच्या चाकावर फिरताना बघायला मिळणं दुर्मीळ.

---

काळी_पाच

टेम्सकाठी, हेवा वाटला.

त्या गाण्यात एक लक्षात घ्या. तालाची गिटार त्यात जवळपास ऐकूच येत नाही. कीथ रिचर्ड्सने बास वाजवलीय आणि मध्ये ती बोचरी सोलो गिटार, बाकी नाही. म्हणजे कॉर्ड धरून ठेवण्याची सगळी जबाबदारी पियानोवर. पहिल्या कडव्यात नुसते ठोकळे ठेवल्यासारखे कॉर्ड. मग प्रत्येक कडव्याला थोडं थोडं वाढवत जातो, आणि शेवटी कोंगांबरोबर अक्षरशः कुस्ती चाललेली असते. मी मुलांना शिकवताना हे गाणं लावते आणि सांगते, फक्त पियानोकडे लक्ष द्या आणि तो केव्हा वाढला ते वहीत लिहा. बहुतेकांना पकडताच येत नाही, इतकं हळूहळू.

---

माहीमची_खाडी

एक धागा आपल्याकडचा जोडते. जॉर्ज हॅरिसनच्या १९७३ च्या 'लिव्हिंग इन द मटेरियल वर्ल्ड' अल्बमवर पियानोला हॉपकिन्स आहे, आणि त्याच नावाच्या गाण्यात मध्येच रॉक थांबतो, तबला येतो. तो तबला झाकिर हुसेन यांचा! तेव्हा ते जेमतेम विशीतले. आमच्या माहीमचा मुलगा आणि पेरिव्हेलचा मुलगा एकाच गाण्यात.

दुसरं, लेननचं 'जेलस गाय'. त्याची चाल मुळात १९६८ ला हृषीकेशला असताना सुचलेल्या वेगळ्या गाण्याची, त्याच्या शब्दांत हृषीकेशचा रस्ताही होता. ते बीटल्सच्या अल्बमवर आलंच नाही. तीन वर्षांनी शब्द बदलले आणि लेननच्या ॲस्कटच्या घरातल्या स्टुडिओत हॉपकिन्सने त्यावर पियानो वाजवला.

---

लालबागचा_लेनन

'इमॅजिन' गाण्यावरचा पियानो तरी लेननचाच ना? की तेही गेलं?

---

हातपेटी

तो लेननचाच. तेवढे वडापाव ठेवा.

---

मडगांवकार

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्या गोव्याकडून. मुंबईच्या सिनेमाच्या गाण्यांत व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजवणारे कितीतरी आमचे गोवेकर. कागदावर स्टाफ नोटेशन वाचता येणारे तेच, कारण पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळेत सॉल्फेजो शिकलेले. शंकर-जयकिशन यांचे अरेंजर सेबॅस्टियन डिसोझा. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. त्यांचं नाव देशाला कळलं ते १९७७ च्या सिनेमातल्या गाण्यातून, आणि तेव्हाही लोकांना वाटलं की असा कुणी माणूस नसेलच, गंमत म्हणून घेतलंय नाव.

रेकॉर्डच्या लेबलवर गायक, संगीतकार, चित्रपट. व्हायोलिनच्या रांगेत तिसरा बसणारा माझा एक लांबचा नातलग होता. घरी रेडिओ लागला की कान टवकारायचा, "हांव हंय आसां" (मी इथे आहे) म्हणायचा. आम्ही मुलं हसायचो.

---

हातपेटी

मडगांवकार, ही आठवण लिहिलीत, फार बरं वाटलं.

एक फरक मात्र जाणवतो. आपल्या बैठकीत गाणं सुरू व्हायच्या आधी सांगतात, तबल्यावर अमुक, हार्मोनियमवर तमुक. गोविंदराव पटवर्धन पेटीला आहेत म्हणून नाटकाला जाणारे लोक होते. अप्पा जळगावकरांची साथ ऐकायला लोक वेगळे यायचे. तेच गाणं रेकॉर्डिंगच्या खोलीत गेलं की साथीदाराचं नाव पुसलं जातं. तिकडेही तेच. हॉपकिन्सने एका मुलाखतीत किंक्सच्या 'व्हिलेज ग्रीन' अल्बमबद्दल तक्रार केली होती, की त्यावरचं कीबोर्ड बरंचसं माझं आणि श्रेय मात्र रे डेव्हिसला. त्याच रे डेव्हिसने 'सेशन मॅन' लिहिलेलं.

---

खडूस

मग त्याने स्वतःचे अल्बम का नाही काढले?

---

हातपेटी

काढले की. १९७३ चा 'द टिन मॅन वॉज अ ड्रीमर'. हॅरिसन त्यावर टोपणनावाने वाजवतो, मिक टेलरही आहे. १९७५ मध्ये अजून एक. प्रामाणिकपणे सांगतो, पियानो ऐकत राहावा असा आहे, पण गाणी जेमतेम. आवाज बारीक, स्वतःला पुढे रेटणं स्वभावातच नाही. त्याच वर्षी काही महिने जेरी गार्सियाच्या बँडमध्ये होता, तिथेही व्यसनामुळे जमलं नाही. नंतर सायंटॉलॉजी पंथवाल्यांच्या व्यसनमुक्ती कार्यक्रमाने आपण सुटलो असं तो सांगायचा. शेवटी शेवटी जपानी टीव्ही मालिकांसाठी संगीत दिलं.

त्याची स्वतःची म्हणता येतील अशी खरी गाणी दुसऱ्यांच्या अल्बमवर सापडतात. जेफ बेकच्या १९६९ च्या अल्बमवर 'गर्ल फ्रॉम मिल व्हॅली'. चर्चमध्ये प्रार्थना संपल्यावर कुणी एकटंच वाजवत बसलंय असं वाटतं. त्याच वर्षी क्विकसिल्व्हर मेसेंजर सर्व्हिसबरोबर 'एडवर्ड, द मॅड शर्ट ग्राइंडर'. हे मात्र धिंगाणा.

---

रविवारचा_आळस

एडवर्ड कोण?

---

हातपेटी

तोच, हॉपकिन्स. किस्सा असा सांगतात की ऑलिंपिक स्टुडिओत स्टोन्सचा ब्रायन जोन्स गिटार जुळवत होता आणि पियानोवरून ई सूर मागत होता. गोंगाटात हॉपकिन्सला ऐकू येईना. शेवटी जोन्स ओरडला, "ई! एडवर्डमधला ई!" नाव चिकटलं. १९७२ मध्ये 'जॅमिंग विथ एडवर्ड' नावाची एक रेकॉर्डही निघाली. १९६९ मध्ये एका रात्री कीथ रिचर्ड्स स्टुडिओत नव्हता, तर जॅगर, वायमन, वॉट्स, राय कूडर आणि हॉपकिन्स यांनी वेळ घालवायला जे वाजवलं ते. ऐकलं नाही तरी काही बिघडत नाही.

---

टेम्सकाठी

माझं सगळ्यात आवडतं राहिलंच. स्टोन्सचं 'वेटिंग ऑन अ फ्रेंड'. १९८१ च्या 'टॅटू यू'वर आलं, पण मूळ ट्रॅक १९७२ चा, जमैकातल्या किंग्स्टनमध्ये 'अँजी'च्या वेळीच वाजवलेला. नऊ वर्षं डब्यात पडून. मग जॅगरने त्यावर गाऊन घेतलं आणि सनी रोलिन्सचा सॅक्सोफोन बसवला. तो पियानो वाजवणारा हॉपकिन्स तेव्हा बँडबरोबर नव्हताच.

---

काळी_पाच

त्यात तो जवळजवळ काहीच करत नाही. एकदा त्याच्याबरोबर वाजवून बघा, ते 'काहीच नाही' किती अवघड आहे ते कळेल. माझा एक विद्यार्थी तीन आठवडे रडतोय.

---

रविवारचा_आळस

'मॅड शर्ट ग्राइंडर' सापडलं तूनळीवर (यूट्यूबवर). नऊ मिनिटांच्या वर आहे. सहाव्या मिनिटाला खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या, म्हणाल्या, "पियानो शिकतोयस का रे? थोडा हळू शीक."